जंगल, पाणी, गायरान गावाच्या हाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाची सामाईक संपत्ती बाजाराच्या भावाने न चालवता गावाने एकत्र बसून सांभाळावी, असं म्हटलं की बैठकीत त्याच त्या शंका निघतात. शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरं शक्य तिथे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींतून दिली आहेत. बहुतेक उदाहरणं महाराष्ट्रातली आणि गोव्यातली आहेत, कारण आपल्याकडे ती भरपूर आहेत आणि आपणच ती विसरत चाललो आहोत.

म्हणजे पैसा बंद करायचा का?

नाही. ग्रामसभा बांबू विकते, मजुरी देते, बँकेत खातं काढते, हिशेब ठेवते. पैसा असतोच. प्रश्न एवढाच की बांबू किती तोडायचा हे कोण ठरवतं: व्यापाऱ्याची मागणी, की जंगल किती देऊ शकतं याचा अंदाज असलेली माणसं? आज बहुतेक ठिकाणी मागणी ठरवते. भाव चढला की जास्त तोड, जास्त उपसा, जास्त जाळी. सामाईक व्यवस्थेत आधी मर्यादा ठरते, मग वाटप, आणि उरलं तर विक्री. हा क्रम बदलला की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात.

जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असंच होणार ना?

हा आक्षेप जगभर प्रसिद्ध झाला तो 1968 साली. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं की कुरण सामाईक असलं की प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं. त्यावरून दोनच मार्ग सांगितले जाऊ लागले: एक तर खासगी मालकी, नाही तर सरकारी ताबा.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र प्रत्यक्ष कुरणं, कालवे, मासेमारीची बंदरं तपासली. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात 1517 सालचा नियम त्यांनी उदाहरण म्हणून मांडला: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात न्यायच्या. म्हणजे कुरण सगळ्यांचं होतं, पण मोकाट नव्हतं. ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिन यांनीही पुढे मान्य केलं की आपण वर्णन केलं होतं ते व्यवस्थापन नसलेल्या सामाईक संपत्तीचं.

आपल्याकडचं गायरान उजाड दिसतं तेव्हा आधी हे विचारायला हवं की तिथे नियम करण्याचा अधिकार गावाकडे कधी होता? महसूल खात्याच्या नावावरची जमीन गावाने राखावी, ही अपेक्षाच विचित्र आहे.

मेंढा (लेखा)चं नाव नेहमी येतं. तिथे नेमकं काय झालं?

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून दोन सवयी पाडल्या होत्या. एक, ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. दुसरी, अभ्यासगट. कायदा असो की झाडांची मोजणी, आधी बसून समजून घ्यायचं आणि निर्णय मात्र ग्रामसभेतच करायचा.

मग 2006 सालचा वनहक्क कायदा आला. त्यात गावाला आपल्या सामूहिक वनक्षेत्राचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला. कागद मिळाला, पण बांबू विकायला निघाल्यावर वाहतुकीचा परवाना मिळेना. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा, तर 1927 च्या वन कायद्यात तो झाड धरला जात होता. अडवायला तेवढं पुरलं. हा पेच 27 एप्रिल 2011 रोजी सुटला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर या भागातला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने जात होता आणि जंगलात राहणाऱ्याच्या वाट्याला तोडाईची मजुरी येत होती.

बांबूचं काम जवळून पाहिलं की व्यवस्थापन म्हणजे काय ते कळतं. एका बेटात एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या काठ्या असतात. पावसाळ्यात नवे कोंब येतात, त्यांना इकडे वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजीही होते. कोवळी काठी हिरवीगार, सालीवर पांढरट भुकटी असलेली. जून काठी पिवळसर आणि वाजवली की खणखणीत. तोडायची ती जून, आणि तीही बेटाच्या आतून वाट काढत, जमिनीलगतच्या पेरावर, जेणेकरून कोवळ्या काठ्यांना आधार राहील आणि खुंटात पाणी साचणार नाही. नगावर मजुरी घेणारा घाईतला मजूर बाहेरच्या, हाताला लागतील त्या काठ्या तोडतो आणि बेटाचा मधला भाग गच्च होऊन गुदमरतो. जंगलाचे भाग पाडून एकेक भागाला काही वर्षांची विश्रांती द्यावी लागते. ज्याला पुढच्या खेपेला याच बेटात यायचं आहे तो नीट तोडतो.

मधाचंही तसंच. आग्या मोहोळ जाळून मध काढला की माशा मरतात आणि पोळं संपतं. मेंढ्यातल्या लोकांनी पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचं आणि अंडी-अळ्यांचा भाग राखायचं तंत्र शिकून घेतलं. काम धीराचं आहे, पण माशा जगतात.

2013 साली गावाने आणखी एक पाऊल उचललं. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन खासगी शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचं ठरवलं. कसणारा कसत राहतो, पण जमीन गावाबाहेर विकली जात नाही. विनोबांनंतर इतक्या वर्षांनी कुणी हा कायदा उघडून वाचला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

समोर रोख पैसा असताना गाव 'नको' म्हणेल, यावर कोण विश्वास ठेवेल?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने म्हटलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. या पट्ट्यात तेंदूपत्ता हे उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं रोख उत्पन्न. पण पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि मग टेंभरं धरत नाहीत. फळ माणसं खातात, पक्षी खातात, अस्वलं खातात. पाचगावच्या ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. बांबूच्या उत्पन्नावर भागवू. शिवाय जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला.

प्रत्येक गावाने असंच करावं असं नाही. गडचिरोली, गोंदियातल्या अनेक ग्रामसभा स्वतः निविदा काढून तेंदू विकतात, आणि ठेकेदाराच्या दयेवर असताना मिळायची त्यापेक्षा चांगली किंमत घेतात. तोही त्यांचा हक्कच आहे. पाचगावला वेगळं ठरवता आलं, कारण ठरवायला तिथे ग्रामसभा होती.

पाण्याचं कसं करणार? विहीर माझी, मोटार माझी, वीजबिल मी भरतो.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. 1882 च्या वहिवाट कायद्यापासून जमिनीच्या मालकाला खालच्या पाण्यावर हक्क मानला गेला. भूजलाला मात्र बांध दिसत नाही. माझी बोअर पाचशे फुटांवर गेली की शेजाऱ्याची विहीर आटते, मग तो सहाशेवर जातो. दोघंही कर्ज काढतात आणि पाणी तेवढंच राहतं. महाराष्ट्राने 2009 साली भूजलाचा कायदा केला. गावोगावी मात्र त्याची माहिती असलेला माणूस शोधावा लागतो.

आपल्याकडे तीन वेगवेगळी उत्तरं होऊन गेली आहेत.

पहिलं धुळे-नाशिक भागातली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वी बंधारे बांधले गेले. बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि फेरपालट ठरलेली. शेतकऱ्याचे तुकडे बहुतेक सगळ्या फडांत असायचे. पाणी कमी पडलं की एक फड कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांना सारखा, त्यामुळे वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यात भांडण कमी. पाणी देण्याचं काम शेतकरी स्वतः करत नसे, पाटकरी करायचा. रात्री राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. पुढे वर मोठी धरणं झाली, विहिरींचा उपसा वाढला आणि पुष्कळ बंधारे कोरडे पडले. नियम चांगले होते, पण नदीच वर अडली तर नियम काय करणार?

दुसरं पाणी पंचायत. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी हे काम सुरू केलं. त्यांचे नियम आजही वाचताना थक्क व्हायला होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस घ्यायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हे आपण इतकं गृहीत धरतो की भूमिहीनाचा पाण्यावर हक्क आहे हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारा चमकतोच. मला स्वतःला या तिन्हींत हेच उत्तर सर्वांत मोलाचं वाटतं.

तिसरं हिवरे बाजार. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या गावात पोपटराव पवार सरपंच झाल्यावर आधी डोंगरावर समतल चर, झाडं, चराईबंदी अशी कामं झाली. खरा बदल झाला तो पाण्याच्या ताळेबंदाने. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि आकडे ग्रामसभेत मांडायचे. आधी माणसं आणि जनावरं यांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग शेती. पाऊस कमी तर पीक कमी पाण्याचं. ऊस, केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. शेजारच्या गावात टँकर फिरत असताना इथे आपलं पाणी पुरतं, ते याच हिशेबामुळे. पवार यांना पुढे पद्मश्रीही मिळाली, पण बाकी गावांनी फोटो काढून नेले आणि ताळेबंद तिथेच ठेवला, याचं वाईट वाटतं.

कालव्याच्या पाण्याला हे लागू होतं का?

होतं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे सगळा प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेने गोळा करायची, वाटप संस्थेने करायचं. राज्याने 2005 साली त्यासाठी कायदाही केला.

कुणी नियम मोडला तर?

मोडणारच. ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात टिकलेल्या सगळ्या व्यवस्थांत राखणदार होता, आणि तो वापरणाऱ्यांतलाच होता किंवा त्यांना जबाबदार होता. दंड पहिल्यांदा किरकोळ, पुन्हा पुन्हा केलं तर वाढत जाणारा. आणि भांडण मिटवायची जागा जवळ, स्वस्त.

ओडिशातल्या काही गावांत जंगल राखायची ठेंगापाळी आहे. ठेंगा म्हणजे काठी. आज ज्याच्या दारात काठी, त्याने जंगलात फेरी मारायची आणि संध्याकाळी ती पुढच्या घराच्या दाराशी ठेवायची. स्पेनच्या व्हॅलेन्सियात कालव्यांच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराबाहेर उघड्यावर, तोंडी, शेतकऱ्यांतूनच निवडलेले लोक मिटवतात. शतकानुशतकं चालू आहे, आणि 2009 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. आपल्या जिल्हा न्यायालयातल्या बांधाच्या दाव्याशी याची तुलना वाचकानेच करावी.

जुनी गावं एवढी चांगली होती का? गावगाड्यात दलितांना पाणीसुद्धा मिळत नव्हतं.

नव्हतंच. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळाचा 1923 चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर मारहाण झाली. त्यामुळे 'पूर्वी सगळं गावाचं होतं' असं हळवेपणाने म्हणणाऱ्याला विचारायलाच हवं: गाव म्हणजे कोण?

गोव्याच्या गावकरीत, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतही, मूळ कुटुंबांच्या पुरुष वंशजांनाच जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, मिळायचा. फड पद्धत जमीनवाल्यांची होती. म्हणून जुनं जसंच्या तसं परत आणायचं नाही. साळुंखे यांनी भूमिहीनाला वाटा दिला, वनहक्क कायद्याच्या नियमांनी ग्रामसभेच्या गणपूर्तीत महिलांची संख्या बंधनकारक केली. ज्या सभेत बायका मागे बसून ऐकतात आणि सरपण, पाणी, मोहफुलं मात्र त्याच आणतात, त्या सभेचा जंगलाबद्दलचा निर्णय अर्धवट माहितीवरचा असतो.

गायरानावर अतिक्रमण करणारे भूमिहीनच असतात. त्यांना हाकलायचं?

सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांविरुद्ध कडक निकाल दिला. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली आहे. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची आठवण असलेल्या मराठवाड्यात हे विसरून चालणार नाही. दोन एकर गायरान कसून जगणारं कुटुंब आणि चाळीस एकर लाटून प्लॉट पाडणारा पुढारी यांना एका नोटिशीत बसवणं हा अन्याय आहे.

गोव्यातली खाजणं कशी चालायची?

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन. चिखल, पेंढा, जांभा दगड यांचे बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचा जोर आला की झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. आत कोरगुटसारखं खारं सोसणारं भात. मानसीवर मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. बांध फुटला तर सगळ्यांची शेतं खारी, म्हणून बांध सगळ्यांचा. पोर्तुगीजांनी 1526 साली गावकरीच्या चालीरीती लिहून काढल्या, तेव्हा त्या आधीच जुन्या होत्या.

पुढे मासळीचा, विशेषतः कोळंबीचा, भाव वाढला. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं आणि भातवाल्याला नको. गावकरीचे अधिकार क्षीण झालेले, कुळकायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुणाची याचा घोळ. ठिकठिकाणी दारं उघडी राहिली, बांध मुद्दाम फोडले गेले, आणि शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. पैसा आधीही होता. तो बांधासाठी होता तोवर खाजण टिकलं.

समुद्राला तर कुंपणही नाही.

म्हणूनच वेळेचा नियम. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात न घालण्याची रीत त्याहून जुनी आहे. बंदी पाळणाऱ्या छोट्या होडीवाल्याच्या डोळ्यांदेखत एलईडी दिवे लावून मासळी उपसली जाते, तेव्हा तो नियम कशासाठी पाळेल? राखण नसेल तर रीत फार काळ टिकत नाही.

पोलाद, रेल्वे, औषधं हेही ग्रामसभा चालवणार का?

नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. ही पद्धत जिथे माणसं एकमेकांना ओळखतात, संपत्तीची हद्द ठाऊक असते आणि वापर डोळ्यांना दिसतो, तिथे चांगली चालते. मोठ्या नदीखोऱ्यासाठी गावांचे संघ, त्यावर खोऱ्याची संस्था, असे थर लागतात.

मग सरकारचं काम काय?

हक्क मान्य करणं, नकाशे देणं, बाहेरचा दांडगा आला तर ग्रामसभेच्या पाठीशी उभं राहणं. मेंढ्याची दोन वर्षं परवान्यासाठी गेली, ती वाचवता आली असती.

शहरात राहणाऱ्यांनी यात काय करायचं?

तुमच्या गृहनिर्माण संस्थेची बोअर, गच्ची, पावसाचं पाणी हे सामाईकच आहे. वॉर्डातलं तळं, टेकडी, नदीकाठही. पण शहराचं पाणी कुठल्या तरी धरणातून येतं आणि त्या धरणाखाली शेतकरी आहेत. पाणीवाटपाच्या चर्चेत शहराने आपला सांडपाण्याचा हिशेब घेऊन बसावं, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आमच्या गावाला जंगल आहे. सुरुवात कुठून करू?

आधी गाव कुठलं ते ठरवा. गटग्रामपंचायत असेल तर पाडा किंवा वाडी स्वतंत्र बसू शकते का ते पाहा. मेंढा हे लेखा ग्रामपंचायतीतलं एक गाव, पण सभा स्वतःची घेतं. ग्रामसभा बोलवा. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. वनहक्क समिती निवडा, दहा ते पंधरा जणांची. मग म्हाताऱ्या माणसांना घेऊन हद्द फिरा: कुठे गुरं चारली, कुठला देव, कुठला नाला, कुठून मध आणला. वडीलधाऱ्यांचे हे जबाब लिहून घेतले की ते पुरावा म्हणून चालतात. किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. निस्तार पत्रक (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे मिळाले तर उत्तम. शेजारच्या गावाशी हद्दीचं बोलणं दावा टाकण्याआधी करून घ्या, नाही तर तिथेच अडकाल. 'क' नमुन्यातला सामूहिक वनसंपत्तीचा दावा ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे द्या आणि पोच घ्या. तिथून तो जिल्हा समितीकडे जातो.

दावा मंजूर होईपर्यंत थांबू नका. कुऱ्हाडबंदी कुठे, चराई कुठे, राखणीची पाळी कुणाची, हे आधीच ठरवता येतं. आणि पहिल्याच महिन्यात हिशेबाची वही घाला, सभेत मोठ्याने वाचून दाखवायची.